अर्धलीनं दिलेलं विमान

दूध महाग वाटत असेल तर गाय घ्यावी, असं गिचुरू मास्तरांचे वडील म्हणत असत. वडील ते दुधाबद्दलच म्हणत. मास्तरांनी ते विमानाला लावलं, आणि एका सरळमार्गी गणिताच्या शिक्षकाचं शनिवारचं सुख कायमचं गेलं.

झालं असं, की त्यांच्या मुलीला, न्यावीराला, कॅप्टन शाबान यांच्या 'म्वेवे' विमानशाळेत प्रवेश मिळाला. नैरोबीच्या धाकट्या विमानतळाच्या कुंपणाला लागून ही शाळा. तिची विमानं दिवसभर मास्तरांच्या घरावरून जायची. प्रवेशाबरोबर फीचा तक्ता आला. मास्तरांनी तो लाल पेन घेऊन पेपरासारखा तपासला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"न्जोकी, ही शिक्षणाची फी नव्हेच. शिकवण्याचे पैसे बघ, एवढेसे. बाकी सगळं भाडं. विमानाचं तासाचं भाडं."

न्जोकी चपात्या लाटत होती. "मग?"

"मग विमान आपलंच असलं तर?"

लाटणं थांबलं. "न्यावीराचे बाबा, दूध महागलं की लोक कोरा चहा पितात. गोठा बांधत नाहीत."

पण मास्तरांच्या डोक्यात तोवर गोठा बांधून झाला होता. हिशोब फळ्यावर लिहावा इतका स्वच्छ होता. शिकाऊ मुलगा तासाला पंधरा हजार शिलिंग देतो. पाच हजार पेट्रोलचे, चार हजार शाळेचे आणि सहा हजार विमानाच्या मालकाचे. एक जुनं, दोन आसनांचं विमान घ्यायचं, शाळेला चालवायला द्यायचं, त्या सहा-सहा हजारांतून कर्ज फेडायचं, आणि मधल्या रिकाम्या तासांत न्यावीरानं नुसत्या पेट्रोलच्या खर्चात उडायचं. मुलगी वैमानिक, आणि वर विमान फुकट. गणितात चूक नव्हती. गणितात सहसा नसतेच. चूक असते ती सुरुवातीच्या 'समजा' या शब्दात, असं मास्तर स्वतःच दरवर्षी नव्या वर्गाला सांगत.

असल्या गोष्टी वसाहतीत लपत नाहीत. शेजारचे ओडेरा मास्तर, जे त्याच शाळेत इतिहास शिकवत, त्यांनी संध्याकाळी भिंतीवरून डोकं काढलं.

"काय मास्तर, ऐकतो ते खरं का? लोक गाडी घेतात, प्लॉट घेतात. तुम्ही थेट आकाशातच हात घातलात."

"गुंतवणूक आहे ती, ओडेरा."

"इतिहासात तिला मोहीम म्हणतात. निघताना सगळे गुंतवणूकच म्हणायचे."

एवढं बोलूनही ओडेरांनी जामीन म्हणून सही केलीच. शिक्षकांमध्ये जामीन म्हणजे लग्नातला आहेर. आज आपण द्यायचा, उद्या आपल्याला येतो. ओडेरांच्या कर्जाला गिचुरू मास्तर राहिले होते, आता ओडेरांची पाळी.

दुसरा सल्ला आला तो न्जोकीच्या भावाचा. न्गारीच्या दोन मटाटू गाड्या वडापला चालायच्या, त्यामुळे चाकं असलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल तो अधिकारानं बोलायचा.

"दाजी, दोनच सीट? चौदाचं बघा. आणि ड्रायव्हरला सवलत द्यायची नाही. रोजचा ठरलेला आकडा संध्याकाळी हातात पाहिजे."

"अरे, इथं ड्रायव्हर नाही. शिकाऊ मुलगा चालवतो, आणि तोच आपल्याला पैसे देतो."

न्गारीनं बोटांवर हिशोब केला. "म्हणजे ज्याला चालवता येत नाही, तो पैसे देऊन आपली गाडी चालवणार."

"हो."

"आणि चालवता यायला लागली की तो निघून जाणार, आणि दुसरा न येणारा येणार."

"हो."

"ताईला हे माहितेय?"

विमानशिक्षणाच्या अर्थशास्त्राबद्दल याहून नेमकं पुढं कुणी बोललं नाही. पण वडापवाल्याचं ऐकतो कोण?

शिक्षकांच्या पतपेढीत केरुबोबाई कर्जाचं काम बघायच्या. त्यांच्या छापील अर्जात कर्जाची कारणं ठरलेली होती: घर, प्लॉट, मुलांचं शिक्षण, दुभतं जनावर, मोटारसायकल. विमान नव्हतं.

"शिक्षणात घाला की, बाई."

"शिक्षणाला एवढी रक्कम बसत नाही. याला चाकं किती?"

"तीन."

"मग मोटारसायकल गेली." बाईंनी चष्मा पुसला. "हे तुम्ही स्वतः वापरणार?"

"नाही. दुसऱ्याकडं देणार. तो सांभाळील, वापरील, मला वाटा देईल."

"विमा?"

"काढावाच लागतो."

"वर्षाला तपासणी? दाखला?"

"हो."

"आणि नुसतं बसून राहिलं तरी खातं?"

मास्तर अडखळले. "थोडंसं."

केरुबोबाईंनी 'दुभतं जनावर' यापुढं खूण केली, शेजारी बारीक अक्षरात 'विमान' असं लिहिलं, आणि तेवढ्या रकमेत बाजारभावानं किती गायी बसतात ते काढून संख्येच्या चौकटीत चाळीस हा आकडा घातला. मास्तरांना हा स्वतःच्या हुद्द्याचा थोडा अपमान वाटला. पण बाईंनी शिक्का उचलला होता, आणि पतपेढीतल्या उचललेल्या शिक्क्याला हरकत घेणारा माणूस अजून जन्मायचाय.

कॅप्टन शाबान लामू बेटावरचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि बोलणंही इस्त्री केल्यासारखं. करारावर सह्या झाल्या आणि भाजलेल्या बोकडाचं ताट मध्ये आलं, तेव्हा मास्तर म्हणाले, "कॅप्टनसाहेब, कागद झाला. आता आमच्या रीतीचं बोलू. माझे वडील गाय अर्धलीनं, निम्म्या वाट्यावर सांभाळायला द्यायचे, तेव्हा एक शब्द घ्यायचे. गाय सांभाळणाऱ्याकडं मेली, तर त्यानं तिचं कातडं घेऊन स्वतः मालकाच्या दारात यायचं. निरोप चालत नाही. आणि कातडं दारात आलं की मालकानं भांडायचं नाही. आलेल्याला जेवू घालायचं."

साक्षीला बसलेल्या ओडेरांना ठसका लागला. "विमानाचं कातडं सोलायचं कुठून?"

पण कॅप्टन हसले नाहीत. "आम्ही होड्यांची माणसं, मास्तरसाहेब. पण रीत चांगली आहे. दिला शब्द."

विमान आलं ते पांढरं, पोटावर तांबडा पट्टा. न्जोकीनं त्याला एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "आली तुमची तांबडी." नाव चिकटलं.

आता मालकानं आपल्या गाईला बघायला जावं, यात गैर काय? कॅप्टननी नको म्हटलं नव्हतं. फक्त मास्तर आले की ते खुर्ची देत नसत. मास्तर दर शनिवारी चहाचा थर्मास घेऊन कुंपणाशी उभे राहू लागले. विमानं डोक्यावरून जात होती तेव्हा त्यांनी ती उतरताना कधी पाहिली नव्हती. आता पाहिली. शिकाऊ मुलगा विमान आणि जमीन यांची गाठ घालून देतो आणि दोघांचं आपसात मिटेपर्यंत मध्ये पडत नाही, असं त्यांना आढळलं. तांबडी धाडकन टेकली, की इकडं मास्तरांचे गुडघे वाकत. ती उसळली की थर्मासचं झाकण हातातून सुटे. दोन तासांत मास्तर तिच्याइतकेच दमत आणि न्जोकी विचारी, "आज किती वेळा उतरलात?"

सुखाची गोष्ट एकच होती. भाडं उडण्याचं नव्हतं, इंजिन चालू असण्याचं होतं. तसं मीटरच आत बसवलेलं. सकाळच्या गर्दीत धावपट्टीच्या तोंडाशी विमानांची रांग लागे, आणि पुढं मोठी विमानं उभी असली की तांबडी मागं घरघरत, जागच्या जागी पैसे कमवत उभी राही. मास्तरांनी ही गोष्ट न्गारीला सांगितली तेव्हा विमान या कल्पनेबद्दल त्याला पहिल्यांदा आदर वाटला. "ट्रॅफिक जॅममध्ये पैसे! दाजी, आम्ही उगाच रस्त्यावर बसलो."

हे सुख इंजिनिअर विर्दींनी संपवलं. विर्दी तीन पिढ्यांचे नैरोबीकर सरदारजी. विमानतळावरच्या अर्ध्या विमानांच्या पोटात त्यांचे हात जाऊन आलेले, आणि बिल देताना ते ग्राहकाच्या पाठीवरून हात फिरवत.

"मास्तरजी, उभ्या-उभ्या तापतेय ती. मीटर तुमचा तास मोजतं, तसा इंजिनचाही मोजतं. दोन हजार तासांचं आयुष्य असतं, मग सगळं उघडून नवं करायचं. तुम्ही कमावता तो तास तिच्या वयातनं जातो. तासाला दोन हजार बाजूला टाकत चला."

सहाचे चार राहिले. मग दर पन्नास तासांनी तेल, शंभर तासांनी सगळी तपासणी. चाराचे तीन झाले. विम्याच्या कंपनीत मास्तरांनी सांगितलं, की विमान नवशिके चालवतात. तिथल्या माणसानं पेन खाली ठेवलं, त्यांच्याकडं पाहिलं आणि मग आधीच्यापेक्षा मोठा आकडा लिहिला. उभं राहायच्या जागेचं भाडं वेगळंच. शेवटी मास्तरांच्या हिशोबातून असं निघालं, की महिन्याला साठ तास तांबडी उडाली तरच हप्ता जातो. पण साठ-साठ तास उडाली की लगेच शंभर भरतात, आणि ती विर्दींच्या गोठ्यात जाऊन आठ-दहा दिवस बसते. उडाली तर झिजायची, बसली तर खायची. आणि या सगळ्यात पतपेढीतून पत्र आलं: 'आपल्या चाळीस जनावरांना लाळ्या-खुरकूत रोगाची लस टोचून घेतली असल्याचा दाखला पाठवावा.'

ते ओडेरांनी शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं वाचून दाखवलं. मास्तर त्या दिवशी डबा न खाता वर्गावर गेले.

पण खरं दुखणं निराळं होतं. तांबडी कमवायची ती चांगल्या हवेच्या सकाळी, आणि चांगल्या हवेची सकाळ पैसे देणाऱ्या मुलांची. रिकामी असली की ढग तरी असायचे, नाहीतर विर्दी तरी. त्यामुळे म्वेवे शाळेतल्या सगळ्या मुलांमध्ये सर्वांत कमी कुणी उडालं असेल, तर जिच्या घरचं विमान होतं ती न्यावीरा. ती रोज जायची. पंखांच्या कडेला चिकटलेले किडे ओल्या फडक्यानं पुसायची, तेल बघायची, काच लख्ख करायची आणि दुसऱ्या कुणाला तरी आत बसवून दार लावून द्यायची.

"बाबा, मंगळवारी सकाळी रिकामी दिसतेय."

"मंगळवारी तो किसुमू गावचा मुलगा येतोय गं. रोख देतो तो."

"बरं."

भांडली असती तर मास्तरांनी हिशोब काढून दाखवला असता. 'बरं'ला कुठला हिशोब दाखवणार?

न्जोकीनं एकदाच तोंड उघडलं. "पोरीसाठी गाय घेतलीत ना? आता पोर शेण काढते, आणि दूध गाव पितो."

एप्रिलात मोठा पाऊस लागला आणि तांबडी ताडपत्रीखाली गेली. पाऊस सरला तेव्हा देशात विमानाचं पेट्रोल नव्हतं. ते घेऊन येणारं जहाज मोंबासाबाहेर पाळीची वाट बघत उभं होतं. आकाश निळंशार, विमान रिकामं, मुलगी रिकामी. न्गारी आपल्या पंपावरचे दोन कॅन भरून घेऊन आला. "घाला हो दाजी, आमच्या गाड्यांना काही झालंय का?" विर्दींनी ते कॅन आणि न्गारी, दोघांनाही हँगरच्या बाहेर काढलं.

दोन हप्ते थकले. तिसऱ्याच्या सुमारास ओडेरांना पतपेढीचं पत्र आलं: पुढच्या महिन्यापासून थकलेली रक्कम जामीनदाराच्या ठेवीतून वळती होईल. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी ते वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. आणि विनोद केला नाही. गिचुरू मास्तरांना याची सवय नव्हती. टोमणा आला असता तर सोसला असता.

घरी जाताना ओडेरा म्हणाले, "गावाकडं आईचं घर झालंय निम्मं. भिंती आहेत. त्या ठेवीतून छपराचे पत्रे यायचे होते."

"येतील, ओडेरा."

"पुढच्या पावसाआधी?"

दोघं आपापल्या फाटकातून आत गेले. भिंतीवरून त्या संध्याकाळी कुणी डोकं काढलं नाही.

मग जहाज लागलं, पेट्रोल आलं, आणि अडलेली मुलं एकदम शाळेत धावली. महिनाभर तांबडी सकाळ-संध्याकाळ उडाली असती, तर थकलेलं सगळं निघत होतं. नेमका तेव्हाच कॅप्टनचा फोन आला. "मास्तरसाहेब, न्यावीराचा हात बसलाय. सलग आठवडाभर मिळालं तर ती एकटी उडेल. नाही मिळालं, तर शिकलेलं सगळं जातं, पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही मालक. सांगा."

मास्तरांनी फोन खाली ठेवला. न्यावीरा दारातच उभी होती. तिनं ऐकलं होतं.

"बाबा, आधी ओडेराकाकांचे पत्रे. मी थांबते."

मास्तर बाहेर जाऊन अंगणात दोन फेऱ्या मारून आले. आत येऊन त्यांनी पुन्हा फोन लावला. "कॅप्टनसाहेब, हा आठवडा तांबडी न्यावीराची."

"आणि किसुमूचा मुलगा?"

"त्याला सांगा, गाय आटली."

त्या आठवड्यात मास्तर कुंपणाकडं फिरकले नाहीत. शाळेत परीक्षा होत्या हे एक कारण. दुसरं असं, की पोटची पोर विमान उतरवताना बघायला त्यांचे गुडघे तयार नव्हते.

गुरुवारी संध्याकाळी ते पेपर तपासत बसले होते. फाटक वाजलं. कॅप्टन शाबान आत येत होते. शर्ट तसाच इस्त्रीचा, आणि खांद्यावर रंगीत किकोयमध्ये गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक. घरात आल्यावर त्यांनी ते मेजावर पेपरांच्या गठ्ठ्याशेजारी ठेवलं आणि कापड उलगडलं. तांबडीच्या नाकावरचा पंखा होता. दोन्ही पाती टोकाला एडक्याच्या शिंगांसारखी मागं वळली होती.

"मास्तरसाहेब," कॅप्टन म्हणाले, "कातडं आणलंय."

मास्तरांनी या क्षणाची तयारी बऱ्याच शनिवारांपासून केली होती. कुंपणाशी उभं राहून त्यांनी एक भाषण रचलं होतं, दुसऱ्याची वस्तू वापरताना घ्यायच्या काळजीबद्दल, तीन मुद्द्यांचं. रीतीनं कॅप्टनशी भांडता येत नव्हतं, पण ज्यानं आपटलं त्याच्याशी बोलायला रीत आडवी येत नव्हती.

"कोण होता?"

कॅप्टननी फाटकाकडं पाहिलं. फाटकाच्या बाहेर, दिव्याच्या खांबाला पाठ लावून न्यावीरा उभी होती. आत येत नव्हती.

"पहिल्यांदाच एकटी गेली. वर सगळं चोख. उतरताना उसळली, पुन्हा उसळली, आणि तिसऱ्यांदा नाक खाली."

न्जोकी स्वयंपाकघरातून धावत आली होती, पण मास्तर तिच्या आधी फाटकाशी पोचले. भाषण वाटेत कुठं पडलं ते त्यांनाही कळलं नाही.

"लागलं का गं?"

"नाही."

"मान? हात? कुठंच?"

"नाही बाबा. दुसऱ्यांदा उसळली तेव्हाच परत वर न्यायला हवी होती. मला माहीत होतं. बाबा, ओडेराकाकांचे पत्रे..."

"आत चल. पाहुणे आलेत. जेवायचंय."

मक्याची उगाली होती, सुकुमाची पालेभाजी होती. न्जोकीनं घाईनं एक कोंबडी केली. लांब काहीतरी खांद्यावर घेऊन गेलेला माणूस पाहून ओडेराही आले होते. त्यांनाही पान मांडलं. कॅप्टन रीतीप्रमाणं पोटभर जेवले. मेजावरचा पंखा कुणी हलवला नाही. त्याच्या दोन्ही बाजूंनी ताटं ठेवली गेली. न्यावीरा ताटातलं चिवडत बसली.

सकाळी मास्तर विर्दींकडं गेले. विर्दी दोन्ही हात पसरून सामोरे आले.

"मुबारक हो, मास्तरजी!"

"थट्टा करू नका."

"थट्टा कसली? पंखा जमिनीला लागला की इंजिन उघडावंच लागतं, नियम आहे. उघडायचे पैसे विमा देतो. आणि उघडलंच आहे, तर थोडे वर घालून नवंच करून घ्यायचं. तिचे दोनशे तास राहिले होते. वर्षअखेर हा सगळा खर्च तुमच्याच डोक्यावर होता. पोरीनं अगदी वेळेवर आपटलं!"

"किती दिवस लागतील?"

"सहा महिन्यांत तरुण करून देतो."

तांबडी मेली नव्हती, तिला पुन्हा जन्म मिळत होता. तोवर मात्र एक शिलिंगही येणार नव्हता. मास्तर मान खाली घालून केरुबोबाईंकडं गेले. बाईंनी सगळं ऐकलं आणि नियमांचं पुस्तक उघडलं.

"जनावर दगावल्यास सहा महिने हप्ता थांबतो. जामीनदाराला हात लागत नाही. थकबाकी पुढं ढकलली जाते."

"पण बाई, मेलेली नाही ती. आजारी आहे म्हणा."

"आजारी असा प्रकार आमच्याकडं नाही. जिवंत किंवा मेलेलं. दूध देतेय का?"

"नाही."

"उठून उभी राहते का?"

"नाही."

"मग? कातडं आणा. त्याशिवाय आम्ही मानत नाही. लोक खोटी जनावरं मारतात."

दुसऱ्या दिवशी गिचुरू आणि ओडेरा, दोन्ही मास्तर न्गारीच्या मटाटूतून पंखा घेऊन निघाले. न्गारीच्या कंडक्टरनं पंख्याचं वेगळं तिकीट फाडलं. घरचा माणूस म्हणून अर्धं. केरुबोबाईंनी पंखा उलटासुलटा करून पाहिला.

"चाळीसही गेली?"

"एकदमच."

"साक्षीदार?"

ओडेरा पुढं झाले. "मी. कातडं दारात आलं तेव्हा मी जेवायला होतो." ओडेरांचा आवाज परत आला होता.

बाईंनी एका पात्यावर पतपेढीचा जांभळा शिक्का मारला. एकच कातडं दोन कर्जांना दाखवू नये, म्हणून तशी पद्धत आहे.

ओडेरांचे पत्रे बचावले. मास्तरांना वाटलं, संपलं. पण न्यावीरा शाळेत जाईना. ती भांडी घासायची, कपडे इस्त्री करायची, आईच्या पाठोपाठ बाजारात जायची. घरावरून विमान गेलं, की उठून खिडकी लावायची. चौथ्यांदा खिडकी लागली तेव्हा मास्तर न्जोकीला हळूच म्हणाले, "आमच्याकडं ज्या पोराच्या हातून गाय दरीत जाते ना, त्याला दुसऱ्या पहाटे शेजाऱ्याची गुरं घेऊन पाठवतात. शेजाऱ्यानं नाही म्हणायचं नसतं. नाहीतर ते पोर जन्मभर काठी धरत नाही."

"मग पाठवा की."

"दुसऱ्याचं विमान आहे शाळेत. चार आसनांचं. तासाचे एकवीस हजार. पूर्ण भाडं. मी विचार करतो, तसलं एखादं जर आपण भागीदारीत..."

न्जोकी उठली. फडताळातून पाकीट आणून तिनं त्यांच्या हातावर ठेवलं. या महिन्याची भिशी तिला लागली होती. नव्या गॅसच्या शेगडीसाठी ठेवलेली.

"न्यावीराचे बाबा," ती म्हणाली, "एक लिटर दूध विकत आणा. गाय नको."

शनिवारी सकाळी न्यावीरा कॅप्टनबरोबर त्या चार आसनी विमानात बसली. दार तिच्यासाठी कॅप्टननीच लावलं. मास्तर सवयीनं कुंपणाशी जाऊन उभे राहिले. थर्मास उघडताना त्यांच्या लक्षात आलं, की आपल्या नेहमीच्या जागेपासून पाच-सात पावलांवर दुसरा एक माणूस उभा आहे. जुना स्वेटर, हातात थर्मास, आणि नजर त्याच विमानावर चिकटलेली.

विमान वर गेलं, वळलं, फिरून धावपट्टीसमोर आलं. खाली, आणखी खाली. शेजारच्या माणसाचे गुडघे हळूहळू वाकत चालले होते. मास्तरांनी आपल्या गुडघ्यांकडं पाहिलं. तेही वाकले होते. विमान टेकलं, उसळलं. मग इंजिनचा आवाज वाढला आणि विमान पुन्हा वर गेलं. तिनं या खेपेला ते परत वर नेलं होतं.

"बाप रे," स्वेटरवाला पुटपुटला. "कोण शिकतंय कोण जाणे."

विमानानं पुन्हा फेरी घेतली, पुन्हा समोर आलं, आणि यावेळी चाकं टेकल्याचं फक्त उडालेल्या धुळीवरून कळलं. स्वेटरवाल्यानं डोळे उघडले; ते त्यानं मिटले होते.

"टेकलं?"

"टेकलं."

"बरं टेकलं?"

"लोण्यासारखं."

"मी दातांचा डॉक्टर आहे," तो माणूस उगाचच म्हणाला. "बायको म्हणाली होती, घेऊ नका."

मास्तर ती पाच-सात पावलं चालून त्याच्याजवळ गेले. त्याच्या थर्मासच्या झाकणात चहा संपला होता. त्यांनी आपल्यातला ओतला. समोर न्यावीरा विमान वळवून पुन्हा धावपट्टीच्या तोंडाशी, रांगेत नेत होती.

"डॉक्टर," गिचुरू मास्तर म्हणाले, "गाय चांगली आहे तुमची."